औद्योगिक विषारी विसर्गांची नोंद (परभणी जिल्हा)

कारखान्यांतून हवा, पाणी व जमिनीत जाणाऱ्या घातक द्रव्यांचे मोजमाप व नोंद. भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) अमेरिकेने १९८६ मध्ये अशा विसर्गांची कारखानानिहाय जाहीर यादी कायद्याने सुरू केली. ज्या देशाने भोपाळ सोसले, तेथे मात्र तशी एकत्रित, खुली यादी नाही. ही गंभीर उणीव होय. येथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ (स्थापना १९७०) संमतिपत्रे देते आणि कारखाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरतात.

परभणीत मुख्य चिंता गोदावरीची. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून वाहत ती नांदेडमार्गे तेलंगणात जाते, त्यामुळे इथली घाण खालच्या राज्यालाही भोगावी लागते. उसाच्या पट्ट्यात सर्वांत जड सांडपाणी आसवनीचे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर काळपट-तपकिरी 'स्पेंट वॉश' उरतो. तो नदीत उतरला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. साखर कारखाने व आसवन्या अतिप्रदूषक १७ उद्योगवर्गांत मोडतात. २०१४ पासून त्यांना विसर्ग सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवणे बंधनकारक झाले.

यंत्र धुराड्याशी वा सांडपाण्याच्या तोंडाशी बसते. रात्री ओढ्यात सोडलेले पाणी त्याला दिसत नाही. म्हणून नदीकाठचा पाण्याचा नमुना महत्त्वाचा. नमुन्याच्या बाटलीत मँगनीज क्षार व अल्कली आयोडाइड टाकताच तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेले.