रक्ताची शाई आणि वेताळाचा प्रश्न

दिवाळीच्या अंकात भुताखेतांची गोष्ट असावी की नसावी, याबद्दल घरोघर मतभेद असतात. वडील मंडळी म्हणतात, सणासुदीला हे अभद्र कशाला? मुले मात्र अंक हाती येताच प्रथम तीच गोष्ट शोधून काढतात. आणि मुलांची निजानीज झाली म्हणजे वडील मंडळीही चष्मा पुसून तेच पान उघडतात. अद्भुत व भयानक कथेच्या नशिबी हा उघड अनादर आणि ही चोरटी आवड फार पूर्वीपासून आलेली आहे. तिची एक जुनी हकीकत तर आपल्याच गोदाकाठची, पैठणची आहे.

सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एकदा जलक्रीडेच्या वेळी राणीने राजाला, पाणी उडवू नका, असे संस्कृतात विनवले. त्यातला संधी राजाला उमगला नाही. 'मा उदकैः'चे 'मोदकैः' झाले होते. राजाने खुशाल मोदक मागवले! राणी हसली, राजा खजील झाला आणि व्याकरण शिकायचा त्याने ध्यास घेतला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली, ती तो हरला आणि ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडून रानात निघून गेला. तेथे पिशाचांची भाषा तेवढी त्याच्यासाठी उरली होती. तीत त्याने सात वर्षांत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. रानात शाई मिळेना, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली.

ग्रंथ दरबारी गेला तेव्हा राजाने नाक मुरडले. भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. असले बाड कोण वाचणार? गुणाढ्याने मग टेकडीवर अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकण्यास आरंभ केला. हरणे, डुकरे, रेडे चारापाणी विसरून भोवती बसली आणि डोळ्यांतून आसवे गाळीत ऐकू लागली. इकडे वाळलेल्या जनावरांचे निःसत्त्व मांस खाऊन राजा आजारी पडला. दोष आचाऱ्यावरून शिकाऱ्यावर गेला आणि शिकाऱ्याने टेकडीवरच्या वाचनाची बातमी दिली. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. एक लाख वाचले, तीच बृहत्कथा.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु बृहत्कथा नावाचा ग्रंथ होता आणि तो मूळ रूपात आज उपलब्ध नाही, हे खरे. बुधस्वामी, क्षेमेंद्र व सोमदेव यांनी रचलेल्या संस्कृत रूपांतरांतून आपल्याला त्याची कल्पना येते. आणि आख्यायिकेतही एक इतिहास असतोच. तो लोकांच्या मताचा. राजाचे आक्षेप पाहा: कथा फार लांब, भाषा ग्राम्य, आणि सगळीकडे रक्त! रहस्यकथा-भयकथांवर आजचे सुसंस्कृत लोक जे बोलतात, त्यात यापरते नवे काय असते?

सोमदेवाने आपला कथासरित्सागर अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला, तो राजा अनंत याची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी. मनोरंजन हा शब्द येथे हलका वाटून घेऊ नये. राणीच्याच आग्रहावरून अनंताने 1063 मध्ये कलश नावाच्या मुलाला गादी दिली होती आणि पुढे बापलेकांचे हाडवैर पडले. 1081 मध्ये अनंताने आत्महत्या केली आणि सूर्यमतीने त्याच्या चितेत उडी घेतली. आकाशगामी विद्याधर, राक्षस आणि स्मशाने यांच्या कथा ज्या बाईसाठी लिहिल्या, तिच्या घरातच असे भय नांदत होते. हे कळल्यापासून तो ग्रंथ मला निराळा वाटू लागला. कथेने तिला वाचवले नाही. पण घरातले भय ज्याला कोणापाशी बोलता येत नाही, त्याला परक्या भुताची गोष्ट ऐकताना घटकाभर तरी उघडपणे घाबरता येते.

याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यातला राजा आहे त्रिविक्रमसेन, राजधानी आपले प्रतिष्ठान. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री एका भिक्षूच्या शब्दाखातर तो स्मशानात जातो आणि झाडाला लटकणारे प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगून प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल; आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर! मला या कथेत प्रेताचे भय कधी फारसे वाटले नाही. अंगावर काटा येतो तो या पेचाने. बोलावे तर केलेले श्रम वाया, न बोलावे तर प्राण. अशी वेळ संसारात कोणावर येत नाही?

शेवटी कळते की, वर्षानुवर्षे फळांतून रत्ने आणून देणारा भिक्षूच राजाचा बळी देणार होता आणि सावध करतो तो वेताळ! दिसण्यावरून सज्जन-दुर्जन ठरवू नये, हा धडा मी वर्गात अनेक पाठांतून दिला आहे. तो या स्मशानातल्या कथेइतका कशानेच मनात रुतत नाही.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' 1830 मध्ये मराठीत आली. म्हणजे आपल्या छापील गद्याच्या बाळपणीच वेताळ हजर होता. पुढे नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी मराठी वाचकांच्या कित्येक रात्री जागवल्या. वाचनालयात त्यांची पुस्तके हाताळून फाटत आणि साहित्याच्या चर्चेत बऱ्याचदा त्यांना दाराशी बसवले जाई. टेकडीवरची जनावरे मात्र न बोलावता येतच राहिली.

वेताळाने राजाला दिलेला वर ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जेथे या कथा सांगितल्या जातील, तेथे भूत, राक्षस, डाकिनी यांचे काही चालणार नाही! तेव्हा फराळानंतर पणत्या तेवत असताना एखादी कथा मोठ्याने वाचावी, राजाच्या उत्तराआधी थांबावे आणि मुलांना विचारावे. उत्तर ठाऊक असून जो गप्प बसेल, त्याला वेताळाची अट सांगावी.