अपंग-साहाय्य, पुणे शहरातील
अपंगांच्या प्रवासास व समाजातील वावरास सार्वजनिक निधीतून मिळणाऱ्या साहाय्याचा पुण्यातील आरंभ लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांकरिता १९४४ मध्ये येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पुढे त्याचा लाभ नागरिकांनाही मिळू लागला. खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर (१९७४) कमरेखालील अंग लुळे पडलेल्या सैनिकांसाठी आहे.

नागरी अपंगांना शासनाने मुख्यत्वे दिली ती भाडेसवलत. राज्य परिवहनाच्या साध्या गाडीत ती ७५ टक्के आहे. परंतु तिकीट स्वस्त झाल्याने गाडीची पायरी खाली येत नाही. १९९५ च्या केंद्रीय कायद्याने वाहने अपंगांस सोयीची करण्याचे बंधन घातले, तेही आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. या मुभेने बंधनाचा बराचसा जोर ओसरला. पुण्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनबो’ जलद बसमार्गांवर थांब्याचा चौथरा गाडीच्या तळाशी समपातळीत ठेवण्यात आला. मात्र चालकाने गाडी चौथऱ्यास अगदी भिडवून उभी केली, तरच चाकांच्या खुर्चीस त्याचा उपयोग होतो. २०२२ पासून धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक आहेत. तेथवर पोहोचविणारे पदपथ महानगरपालिकेच्या अखत्यारीत येतात.