पाण्याच्या कडेने

आमच्या हिंगोलीची कयाधू पैनगंगेस मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. माणूसही असाच पाण्याच्या कडेने आला. आफ्रिकेतून आशियात शिरलेल्या पहिल्या माणसांच्या, आपण खंड ओलांडला, हे गावीही नसेल. (गाव तरी कुठे होते म्हणा!) एक पिढी टेकडी चढली, दुसरी पलीकडच्या खोऱ्यात उतरली, इतकेच. गोदावरीलाच मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, नेवाशाला, १९५४ पासून डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. तेथील वाळूगोट्यांच्या थरांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. तुमच्याआमच्यासारखा माणूस फार मागाहून आला. खानदेशात पाटण्याला त्याने सुमारे २५,००० वर्षांपूर्वी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी केले. हातकुऱ्हाडीपेक्षा हे मणी मला अधिक ओळखीचे वाटतात. कवचाच्या एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघा कोरल्या आहेत.