किल्टची उलट बाजू

स्कॉटलंडच्या किल्टचे कौतुक होते ते सुलट बाजूचे. टार्टनच्या चौकडी, पाठीमागच्या काटेकोर चुण्या, पुढचा सपाट पदर यांवरच नजर खिळते. तो उलटा करून कमरेजवळ पाहिला, की सुती अस्तर दिसते. अस्तराआड ताठ कॅनव्हास, त्याच्याही आड ताण पेलणारी कापडाची पट्टी. आठ वार लोकरी कापडाचे दीड-दोन किलो वजन कमरेवर नीट बसते ते या आतल्या कामामुळे. आणि हे काम किल्टच्या इतिहासात बरेच उशिरा आले.

सुरुवातीला शिवणकाम जवळजवळ नव्हतेच. १५९४ साली हेब्रिडीज बेटांवरचे भाडोत्री सैनिक आयर्लंडात लढायला गेले. त्यांच्या पेहरावाचे जे वर्णन मिळते, त्यात पोटरीपर्यंतचे रंगीबेरंगी वस्त्र आणि त्यावरून बांधलेला पट्टा आहे. हा ‘फेलेह मोर’, म्हणजे मोठा प्लेड, कमरेभोवती गुंडाळून वर खांद्यावरही घ्यायचे लांब कापड. हातमागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन पट्टे लांबीत जोडायचे. सुईचे काम एवढेच. चुण्या रोज हाताने घालायच्या आणि कमरेचा पट्टा आवळायचा. जपून राहिलेल्या काही प्लेडांना आतून छोटे बंद शिवलेले आढळतात. त्यांतून दोरी ओवली, की चुण्या आपोआप जमत. किल्टच्या आतल्या बाजूची पहिली कारागिरी ती हीच.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा अर्धा भाग गळून नुसता कमरेखालचा ‘फेलेह बेग’, म्हणजे छोटा प्लेड, रूढ झाला. त्याचे श्रेय टॉमस रॉलिन्सन या लँकेशायरच्या लोखंड-कारखानदाराला देणारी कथा १७८५ साली छापून आली. त्यावर अजूनही वाद आहे. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या पुरुषांना डोंगराळ हायलँड भागाचा हा पोशाख घालायला बंदी झाली, पण सैन्यातल्या हायलँडर पलटणींना त्यातून सूट होती. १७८२ मध्ये बंदी उठेपर्यंत किल्ट टिकवला तो बराचसा लष्करानेच.

चुण्या कायमच्या शिवून टाकलेले किल्ट दिसू लागतात ते १७९० च्या दशकात. रोज निऱ्या घालण्याऐवजी शिवलेली नऊवारी चढवावी, तसाच हा बदल होता. त्या किल्टांना चारेक वार कापड लागे आणि चुण्या रुंद, पेटीसारख्या असत. पुढे १८५४ मध्ये गॉर्डन हायलँडर्स पलटणीने एकाच दिशेला दुमडलेल्या, सुरीच्या पात्यासारख्या चुण्या स्वीकारल्या. चुण्या वाढल्या, कापड वाढले, विसाव्या शतकात ते आठ वारांवर गेले.

इथेच आतली अडचण उभी राहिली. वीस-पंचवीस चुण्यांचे थर कमरेपाशी एकावर एक आले, की पाठीवर जाड गादीच तयार होते. म्हणून कारागीर चुण्या नितंबांपासून कमरेकडे निमुळत्या शिवत नेतात आणि त्या भागातले आतले जास्तीचे कापड कापून काढतात. पण कापल्यावर सगळा ताण उरलेल्या टाक्यांवर येतो. बक्कल आवळले, की ते उसवायचे. हा ताण घ्यायला पाठीवरून आडवी सुती पट्टी लावतात, आकार धरायला तिच्यावर कॅनव्हास, आणि सगळे झाकायला अस्तर. हे अस्तर सुतीच का, यालाही कारण आहे. गुळगुळीत सॅटिनवर शर्ट घसरतो आणि किल्ट खाली सरकतो. सुती कापड त्याला धरून ठेवते.

ही सारी रचना लोकरीच्या स्वभावावर बेतलेली होती. लोकर वाफेखाली मऊ होते, हवी तिथे थोडी आक्रसते, कारागिराची चूक पोटात घालते.

मग लोकरीला पर्याय आला. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा बनवला. तोच पुढे ‘टेरिलीन’ म्हणून गाजला. पुढे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचे टार्टन विणले जाऊ लागले. यॉर्कशायरची मार्टन मिल्स त्यासाठी ओळखली जाते. सियालकोटहून ॲक्रिलिकचे किल्टही जगभर जातात. हलके, स्वस्त आणि घरी धुता येणारे हे कापड अमेरिकेतल्या उन्हाळी हायलँड खेळांना सोयीचे ठरले.

या कापडाने आतल्या रचनेचा हिशेब मात्र बदलला. पॉलिएस्टर धुतल्यावर फारसे आटत नाही. आतला कोरा सुती कॅनव्हास आणि अस्तर आटतात. एका धुण्यात कमरेभोवती सुरकुत्या पडतात आणि मग कितीही इस्त्री केली तरी त्या जात नाहीत. म्हणून आतले प्रत्येक कापड आधी धुऊन, आटवून घ्यावे लागते, किंवा तेही मिश्र धाग्याचे निवडावे लागते. इस्त्रीने चिकटणारे कॅनव्हास झटपट लागते, पण वारंवार धुण्यात ते सुटून फुगे येऊ शकतात, शिवलेले टिकते. बक्कल लावलेल्या चामड्याच्या पट्ट्यांना पाणी सोसत नाही. इस्त्री जास्त तापली तर पॉलिएस्टर चकाकते, वितळतेही, त्यामुळे मध्ये ओले फडके ठेवावे लागते. हे कापड लोकरीसारखे आक्रसून घेत नाही, म्हणून चुण्यांचा निमुळता उतार मापातच अचूक धरावा लागतो. उलट, योग्य उष्णतेने पडलेली घडी ते घट्ट धरते. पॉलिएस्टर घामही फारसा शोषत नाही, त्यामुळे अंगालगतच्या सुती अस्तराचे मोल इथे आणखी वाढते.

बऱ्याच स्वस्त किल्टांत यातले काहीच नसते. चुण्या यंत्रावर सरळ शिवलेल्या, पट्टी नाही, अस्तर नाही. मिश्र कापडाला त्यामुळे उगीच नाव ठेवले जाते. तेच कापड जाणत्या हातात पडले, आत आटवलेला कॅनव्हास आणि सुती अस्तर मिळाले, तर किल्ट अंगावर नेटका बसतो आणि वर्षानुवर्षे चालतो. हे जाणते हात आता कमी होत आहेत. ब्रिटनच्या ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ संस्थेने २०२१ मध्ये हाताने किल्ट शिवण्याची कला धोक्यातल्या कलांच्या यादीत घातली. ती टिकायची, तर शिकणाऱ्यांना लोकरीबरोबर या नव्या कापडांच्या आतली शिवणही शिकवावी लागेल, कारण आज किल्ट घेणाऱ्या कितीतरी जणांना परवडते ते हेच कापड.