टपालाने जमलेली मंडळी

गणित हा एकांताचा विषय, अशी आपली समजूत असते. पाटी, लेखणी आणि एक तल्लख डोके असले की भागले! पण त्या एकांतालाही जाणत्यांची सोबत लागते, हे मला भारतीय गणित-परिषदेच्या जन्मकथेवरून उमगले.

२५ डिसेंबर १९०६ रोजी गुत्ती येथून व्ही. रामस्वामी अय्यर यांनी काही मित्रांना एक पत्र धाडले. अय्यर हे मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर. पोटापाण्याला महसूल खाते आणि जिवाला भूमिती. गणिताची नवी पुस्तके आणि परदेशी नियतकालिके एकट्या-दुकट्याच्या खिशाला परवडत नाहीत. तेव्हा वर्गणी काढून ती मागवावीत व टपालाने सभासदांत फिरवावीत, एवढीच त्यांची सूचना होती. १९०७ च्या एप्रिलमध्ये वीस सभासदांनिशी मंडळ उभे राहिले. त्याचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात थाटले गेले. रँग्लर परांजपे त्या वेळी तेथे प्राचार्य होते. पुढे मंडळाचे स्वतःचे नियतकालिकही निघाले.

१९१० साली तिरुकोइलूर येथे एक तरुण या अय्यरांपुढे येऊन उभा राहिला. त्याला कारकुनी हवी होती, आणि पात्रतेचा पुरावा म्हणून काखेत वह्या होत्या. तो श्रीनिवास रामानुजन्. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि नोकरी दिली नाही. महसूल कचेरीच्या तळाच्या पायरीवर ही बुद्धी गुदमरेल, असे त्यांना वाटले. मी स्वतः सरकारी नोकर आहे. तो अर्ज माझ्यापुढे आला असता तर मी दयाबुद्धीने मंजूर केला असता, आणि मला कोणी दोषही दिला नसता. अय्यरांनी त्याला परिचयपत्रे देऊन मद्रासेतील गणितज्ञांकडे पाठविले.

१९११ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात रामानुजन् यांनी वाचकांना एक कोडे घातले. वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, अशी न संपणारी माळ. तिची किंमत काय? कित्येक महिने कोणाचे उत्तर आले नाही. उत्तर होते ३! तीन म्हणजे नवाचे वर्गमूळ, आणि नऊ म्हणजे एक अधिक दोन गुणिले चार. चार म्हणजे सोळाचे वर्गमूळ, आणि सोळा म्हणजे एक अधिक तीन गुणिले पाच. असेच पुढे चालत राहावे. पोराटोरांनाही कळेल असे हे उत्तर. पण त्या कोड्याला छापणारे पान आणि त्यावर डोके खाजविणारे दहा-वीस जण आधी हवे होते.

पुढे रामानुजन् यांना कारकुनी मिळालीच. १९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये, दरमहा तीस रुपयांवर. मात्र तेथील मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर हे याच परिषदेचे खजिनदार होते. संध्याकाळी साहेब आणि कारकून दोघे मिळून गणित करीत बसत. १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजच्या हार्डींना जे पत्र गेले, ते याच कारकुनाचे.