एकोणचाळीस मिनिटं

तुमच्या फोनला रात्री अपडेट येतं आणि सकाळी कॅमेऱ्यातलं नेहमीचं बटण दुसरीकडे गेलेलं असतं. चिडचिड होते, दोन दिवसांत सवयही होते. आधीचं परत आणावं म्हटलं तर सहसा वाट नसते. ॲपलने जुन्या आवृत्तीवर सही करणं थांबवलं की ती आवृत्ती आयफोनवर चढत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही मागे जाऊ न देणारं कुलूप असतं. लॅपटॉपवर मात्र एके काळी असंख्य लोकांनी ठरवून मागे जाणं पसंत केलं होतं. नवंकोरं विंडोज व्हिस्टा पुसून त्यांनी सहा-सात वर्षं जुनं एक्सपी टाकलं. त्यात आमचे काका होते. आणि गेल्या वर्षी, म्हणजे सतरा वर्षांनी, त्याच लॅपटॉपवर तेच काम मला करावं लागलं.

काकांचं तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या बोळात डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीत पत्रकं आणि वर्षातून एखाद-दुसरं पुस्तक. २००८च्या उन्हाळ्यात त्यांनी लॅपटॉप घेतला. लग्नघरी जाऊन जागेवरच प्रूफ दाखवता येईल हा हिशोब. त्यावर व्हिस्टा होतं आणि रॅम १ जीबी. काका बटण दाबून खाली चहा सांगायला जायचे आणि परत यायचे तरी ते सुरूच होत असायचं. खोक्यात व्हिस्टाबरोबर एक्सपीचीही सीडी होती. चौथ्या दिवशी त्यांनी ती लावली.

नव्या मशीनच्या खोक्यात जुनी सीडी का होती, याची गोष्ट मोठी आहे.

एक्सपी बाजारात आलं २५ ऑक्टोबर २००१ रोजी. त्याआधी घरगुती पीसीवर विंडोज ९८ किंवा एमई असायचं, जे आतून डॉसच्या पायावर उभं होतं आणि हवं तेव्हा कोसळायचं. एक्सपीने ऑफिसांसाठीचा मजबूत एनटी पाया घराघरांत आणला. मायक्रोसॉफ्टच्या कागदावर त्याची किमान गरज ६४ एमबी रॅमची होती. हो, एमबी. तुमच्या फोनमधला एक व्हिडिओ याहून मोठा असतो. हिरवी टेकडी आणि निळं आभाळ हा त्याचा वॉलपेपर चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला खराखुरा फोटो आहे. आपल्याकडच्या असेम्बल केलेल्या पीसींवरचं एक्सपी किती अस्सल होतं, हे विचारू नये. एफसीकेजीडब्ल्यूने सुरू होणारी एक फुटलेली की जगभर तोंडपाठ होती, एवढं सांगितलं की पुरे.

पुढची आवृत्ती लवकर यायची होती. लाँगहॉर्न हे तिचं कामकाजाचं नाव. पण २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला आणि एक्सपीची भोकं बुजवण्याकडे कंपनीला आपली माणसं वळवावी लागली. त्यातून ऑगस्ट २००४मध्ये सर्व्हिस पॅक २ आला. त्याच महिन्यात लाँगहॉर्नचं तोवर झालेलं बरंचसं काम बाजूला ठेवून पुन्हा नव्याने सुरुवात करायचा निर्णय झाला. शेवटी ३० जानेवारी २००७ला व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीला आलं. मधली पाच वर्षं लोक एक्सपीवरच होते. पाच वर्षांत माणसाचं बोट स्टार्ट बटणावर न बघता जातं.

व्हिस्टाने आतली रचना बदलली, विशेषतः ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, साउंड कार्ड यांच्याशी विंडोजला बोलता यावं म्हणून लिहिलेला दुभाषा. नवे दुभाषे वेळेत तयार झाले नाहीत आणि कालपर्यंत चालणारा स्कॅनर आज मुका झाला. भरीला दर दोन मिनिटांनी ‘परवानगी आहे का’ विचारणारी खिडकी. त्यातून कमी ताकदीच्या पीसींवरही ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लावून विक्री झाली होती. त्यावरून २००७मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल झाला. त्या दाव्यात कंपनीचे अंतर्गत ई-मेल उघड झाले, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचा उपाध्यक्ष माइक नॅश त्यात लिहीत होता की, आपण घेतलेला २,१०० डॉलरचा लॅपटॉप आता फक्त ई-मेल बघण्याच्या कामाचा उरलाय. काका तिथे असते तर त्यांनी त्याला चहा पाजला असता.

एप्रिल २००७मध्ये डेलने गिऱ्हाइकांच्या मागणीवरून घरगुती मशीनवर पुन्हा एक्सपी द्यायला सुरुवात केली. २००८च्या सुरुवातीला ‘इन्फोवर्ल्ड’ने एक्सपी वाचवा म्हणून सह्या गोळा केल्या, त्या दोन लाखांवर गेल्या. तरीही ३० जून २००८ला एक्सपीची दुकानातली विक्री बंद झालीच. पण दोन फटी उरल्या. एक, नेटबुक नावाच्या स्वस्त, छोट्या लॅपटॉपांना व्हिस्टा झेपतच नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी एक्सपी चालू राहिलं. दुसरी, व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांच्या परवान्यातच एक्सपी प्रोफेशनलवर परत जाण्याचा हक्क लिहिलेला होता. काकांच्या खोक्यातली सीडी या दुसऱ्या फटीतून आली होती.

माझं मत विचाराल तर व्हिस्टा बोललं गेलं तेवढं वाईट नव्हतं. २००९च्या ज्या विंडोज ७ला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, ते बऱ्याच अंशी त्याच पायावर उभं आहे. आणि मराठीपुरतं बोलायचं तर व्हिस्टा एक्सपीपेक्षा चांगलंच होतं. एक्सपीमध्ये युनिकोड मराठी नीट दिसायची तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात टिक करावी लागे, मग ते सीडी मागे, आणि सीडीवरच्या आय-३८६ फोल्डरमधून फाइली उचलल्या की रीस्टार्ट. तोवर जोडाक्षरं सुटी सुटी पडलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली. ज्या मंगल फॉन्टमध्ये ती मराठी दिसे, तो अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. व्हिस्टात हे सगळं आधीपासूनच चालू असे, सीडीची गरज नाही.

मग मराठीचंच काम करणारे काका उलटे का गेले? कारण त्यांची मराठी युनिकोड नव्हतीच. छपाईतली मराठी तेव्हा श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टांवर चालायची. या फॉन्टांची युक्ती साधी होती. कॉम्प्युटरला वाटे आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. फॉन्ट त्या जागांवर देवनागरीचे तुकडे मांडून ठेवी. अर्धा त एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट काढून घेतला की अख्खी लग्नपत्रिका म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. आणि हे सगळं ज्यात जुळायचं त्या पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ची. म्हणजे एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्ट हे तिघं जवळपास एकाच वयाचे, एकमेकांना ओळखणारे. चौथा भिडू म्हणजे फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं यूएसबी लॉक. ते टोचल्याशिवाय काकांचे फॉन्ट मेनूत दिसायचेच नाहीत. त्या लॉकला ड्रायव्हर लागे, आणि ड्रायव्हर एक्सपीचा होता.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. ब्रिटिश सरकारने आणखी एका वर्षाच्या दुरुस्त्यांसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले. आपल्याकडची कितीतरी एटीएम त्यानंतरही एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८मध्ये बँकांना परिपत्रक काढून सांगितलं की, जून २०१९पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळी यंत्रं बदला. मधे मे २०१७मध्ये वॉनाक्राय आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टला निवृत्त एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. गंमत म्हणजे त्या हल्ल्यात सापडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ची होती, पण बदनाम झालं एक्सपी.

काका २०१३मध्ये गेले. पुढच्या वर्षी एक्सपी ‘धोकादायक’ झाल्याचं वाचून मी त्यांच्या लॅपटॉपची रॅम वाढवली, डिस्क पुसली आणि ६४ बिटांचं विंडोज ७ टाकलं, काकूंना नातवंडांशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून. दुकानाचा डेटा सीडींवर उतरवून ठेवला होता. फार शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर गावच्या वाचनालयाने विचारलं, ‘ती ओव्यांची फाइल आहे का हो?’ गावातल्या एका निवृत्त बाईंनी वीस वर्षं वाड्यावस्त्यांवर फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. २००५मध्ये काकांनी त्यांचं पुस्तक जुळवलं, तीनशे प्रती छापल्या. बाई आता नाहीत, त्यांच्या वह्या पुराच्या पाण्यात गेल्या, आणि वाचनालयातल्या एकुलत्या प्रतीची मधली पानं कुणीतरी फाडून नेलीत. सीडी सापडली. त्यावर काकांच्या अक्षरात ‘ओव्या-अंतिम-२’. विंडोज ७वर पेजमेकर कुरकुरत उघडला आणि दोनशे पानं भरून तोच चिवडा दिसला. लॉक टोचलं तर ६४ बिटांच्या विंडोजने त्याचा जुना ड्रायव्हर घ्यायला साफ नकार दिला.

म्हणून पुन्हा एक्सपी. काकूंच्या कपाटात काकांनी खोका जसाच्या तसा ठेवला होता. पहिल्या फेरीत सीडी चालली आणि निळा पडदा आला, कोडच्या शेवटी ‘७बी’. म्हणजे एक्सपीला डिस्कच दिसत नव्हती. साटा डिस्कशी एएचसीआय पद्धतीने बोलायचं एक्सपीच्या सीडीला माहीत नाही. त्याचा ड्रायव्हर द्यायचा तर सुरुवातीलाच एफ-६ दाबून फ्लॉपी घालायची, आणि या लॅपटॉपला फ्लॉपीची फट कधी नव्हतीच. काकांनी २००८मध्ये हे कसं सोडवलं होतं ते खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘बायोस – साटा – कॉम्पॅटिबल करणे.’ केलं. पुढे सीडी सरळ चालली. पडद्यावर ‘३९ मिनिटं शिल्लक’ आलं. हा आकडा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की ती ३९ मिनिटं घड्याळाची नसतात.

सीडीने कंपनीचं मशीन ओळखलं, त्यामुळे ॲक्टिव्हेशनचा प्रश्न आला नाही. आवाज नव्हता, वायफाय नव्हतं. वायफायचा ड्रायव्हर मी मुद्दामच टाकला नाही. इतक्या जुन्या, दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजला नेटवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. शिवाय त्यातल्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतही नाहीत. पेजमेकर, फॉन्टची सीडी, लॉक. लॉकवरचा बारका हिरवा दिवा लागला. फाइल उघडली आणि पहिल्या पानावर मराठी होती.

आता ती युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर बहुतेक अक्षरं बरोबर आणतं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटीशी त्याचं जमत नाही. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की हमखास घोटाळा. ओव्यांत तर बोलीतले शब्द, कोशात न सापडणारे. म्हणून रविवारी मी नव्या लॅपटॉपवर बसतो आणि काकू काकांच्या लॅपटॉपवरून मोठ्याने वाचतात. कधीकधी वाचता वाचता त्या चालीत जातात आणि मला थांबवून विचारावं लागतं की शब्द नक्की काय होता. १२६ पानं झाली आहेत.