तंबोरा : मिरजेतून घरी आणि घरातून पुन्हा मिरजेला

कोयना खोऱ्यात, पाटण तालुक्यातल्या एखाद्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला, की देवळातली वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एका पहाऱ्याचा विणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांना वंदन करतात आणि तारांचा झंकार रात्रंदिवस चालू राहतो. ही वीणा सहसा कोणा एकाच्या मालकीची नसते. गावाने वर्गणी काढून ती घेतलेली असते आणि सप्ताह उठल्यावर ती गवसणीत जाऊन देवळाच्या खुंटीला लागते. साताऱ्या-सांगलीकडे अशी वीणा बहुधा मिरजेची असते. पाटणहून कराड आणि कराडहून मिरज हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे; परंतु एवढ्या अंतरात हवा पार बदलते. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मिरज अवर्षणप्रवण पट्ट्याच्या कडेला आहे. कोरड्या हवेत घडलेले, भोपळा आणि लाकूड यांचे वाद्य ओल्या हवेत नांदवायचे असते. तंबोरा किंवा वीणा विकत घेणाऱ्याची खरी परीक्षा पैसे मोजून झाल्यावर सुरू होते, ती अशी.

मिरजेत हा उद्योग रुजला तो पटवर्धनांच्या संस्थानकाळात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यात फरीदसाहेबांचे नाव आद्य म्हणून आजही घेतले जाते. हत्यारे घडवणारे हात तारा जुळवू लागले, यात वाटते तेवढे नवल नाही. दोन्ही कामांत कानस, पोलाद आणि अचूक नजर लागतेच. या घराण्यांना पुढे ‘सतारमेकर’ हे आडनावच चिकटले आणि त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली असे नाव पडले. कारागिरांना गिऱ्हाईकही घरबसल्या मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवीत होते. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे शिकणाऱ्यांची, म्हणजेच वाद्ये लागणाऱ्यांची संख्या वाढत गेली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी तर मिरजेलाच घर केले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी श्रुतींचा जो अभ्यास १९१० साली ग्रंथरूपाने मांडला, त्यातही खाँसाहेबांच्या सुरेल गळ्याचे साहाय्य झाले होते. एवढा तयार कान शेजारी असल्यावर कारागिराला बेसूर वाद्य खपवणे शक्यच नव्हते. १९३७ साली खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गायन-वादन होते.

तंबोऱ्यातील माल तसा साधा. तळाचा भोपळा हा भाजीचा नव्हे. तो जाड सालीचा कडू भोपळा. तो सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो. तो पूर्ण वाळवून, आतला गर काढून मग कापला जातो. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हे लाकूड प्रामुख्याने कर्नाटकातल्या जंगलांतून येते. तबलीवर घोडी, घोडीवरून चार तारा, वर खुंट्या. यांतील भोपळ्यावर माणसाचा काडीचा ताबा नाही. त्याचा घेर, साल, गोलाई हे सारे वेलावर आणि हवामानावर अवलंबून. म्हणून कारागीर आधी भोपळा निवडतो आणि मग त्याला साजेशी दांडी काढतो. दोन तंबोरे तंतोतंत सारखे होत नाहीत, ते याच कारणाने. मैफलीसाठी जोडी हवी असेल, तर कारागीर एकाच आकाराचे दोन भोपळे शोधून ठेवतो आणि दोन्ही वाद्ये शेजारी शेजारी घडवतो. अशी जोडी पुढे वाटणीत किंवा विक्रीत फुटली, तर दोन्ही घरांचे नुकसान होते. निघालेल्या तंबोऱ्याला तसा सोबती पुन्हा मिळणे कठीण.

नवा तंबोरा घेणाऱ्याने आधी स्वतःची पट्टी ओळखावी. पुरुषांचा तंबोरा मोठा, जाड तारांचा आणि साधारण काळी एकच्या आसपास बोलणारा. बायकांचा आकाराने लहान, काळी चार किंवा पाचच्या सुमारास रंगणारा. घरात दोघे गातात म्हणून एकच तंबोरा वर-खाली करून भागवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. बायकांच्या तंबोऱ्याच्या तारा काळी एकपर्यंत उतरवल्या की त्या ढिल्या पडून लोंबतात, आणि पुरुषी तंबोरा फार चढवला तर तारा तुटतात किंवा तबलीवर ताण येऊन ती वाकते. दुकानात वाद्य पाहताना दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे ना, भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यात फट नाही ना, घोडीखाली तबली दबलेली नाही ना, खुंट्या फिरवल्यावर तेथेच थांबतात ना, हे बघायचे. नक्षीकडे सर्वांत शेवटी. वेलबुट्टी कितीही देखणी असली तरी तिच्यातून आवाज निघत नाही, आणि नवखा गिऱ्हाईक फसतो तो नेमका तिथेच.

ऐकायचे ते मुख्यतः चौथ्या तारेला, म्हणजे खर्जाला. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची, सहसा पितळेची, खर्जाची. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात ती सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. म्हणजे आजच्या बेस गिटारच्या मधल्या दोन तारांच्या दरम्यान तिचा स्वर पडतो. खर्ज खऱ्या अर्थाने लागला, की छेडलेल्या षड्जातून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. त्यालाच गायक स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येत नसेल, तर वाद्य जुळलेले नाही, नाहीतर घोडीत दोष आहे, नाहीतर लाकूडच मुके आहे. तिन्हींपैकी काय, हे कळायला जाणकार कान लागतो. म्हणून एकट्याने खरेदीला जाऊ नये, ही जुनी शिकवण आजही खरी आहे.

बेस गिटारचा उल्लेख आला आहे, तर एक फरक येथेच सांगणे योग्य. विजेवर चालणारी फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आली, आणि १९६५ साली ती कंपनी सीबीएसच्या हाती गेली. त्याआधीच्या गिटारींना आज संग्राहक मोठी किंमत देतात. अनुक्रमांक, दांडीवरची तारीख, मूळ सुटे भाग यांवरून ती किंमत ठरते, आणि एखादा मूळ खिळा बदलला तरी भाव उतरतो. तंबोऱ्याला असा जन्मदाखला नसतो. फार तर कारागिराच्या नावाची चिठ्ठी किंवा पाटी. शिवाय येथे भाग बदलणे हा कमीपणा नसून नित्यक्रम आहे. तारा, मणी, दोरा, घोडी, कधी तबलीदेखील बदलली जाते आणि तरी तंबोरा ‘आजोबांचा’ राहतो. केवळ जुनेपणाला पैसे मोजणारा संग्राहक त्यामुळे या बाजारात फारसा आढळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे आणि ते पाहण्याजोगे आहे. परंतु काचेआडच्या तंबोऱ्याचे मोल वेगळे आणि बैठकीतल्या तंबोऱ्याचे वेगळे.

या साऱ्याचे मूळ जवारीत आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला हलकेच स्पर्श करीत राहते आणि तिच्यातून स्वरांचे पदरच्या पदर निघतात. तारेला जेथे छेडावे तेथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असे पाश्चात्य शास्त्राचे म्हणणे होते. तंबोऱ्यात आणि वीणेत तो ऐकू येतो, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले आणि त्याचे श्रेय या वक्र घोडीला दिले. कारागीर ही वक्रता कानशीने काढतो. मोजमाप नसते, घासायचे आणि ऐकायचे. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती जागा शेवटी नेमकी केली जाते. खुली जवारी हवी की गोल, हे गाणाऱ्याने सांगायचे. पण पोलादी तार रोज त्याच जागी घासते, घोडीला बारीक चरे पडतात आणि काही महिन्यांनी, फार तर एक-दोन वर्षांनी, आवाज बसतो. पुन्हा जवारी काढावी लागते. म्हणून तंबोऱ्याची खरेदी हा एकदाचा व्यवहार नव्हे. वाद्य आणि कारागीर यांचे नाते त्या दिवशी जुळते आणि दोघांपैकी एक असेपर्यंत चालते.

नेमका येथेच आजचा पेच आहे. वाद्ये टिकतात, जवारी काढणारे हात कमी होत जातात. दिवसभर बसून, कान लावून करायच्या या कामाची मजुरी नव्या पिढीला पुरेशी वाटत नाही, आणि ही विद्या पुस्तकातून येत नाही. बंगळुरूचे जी. राजनारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला; पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या घराघरांत गेल्या आणि आता तर मोबाइलमध्येही तंबोरा वाजतो. रियाजाची त्याने मोठी सोय केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच फुटी वाद्य ठेवायचे कोठे, हा प्रश्नही खराच. मात्र त्यामुळे घरातला खरा तंबोरा गवसणीत गेला, तो गेलाच. न वाजणाऱ्या तंबोऱ्याची जवारी कोणी काढत नाही, आणि काम नसलेल्या कारागिराचा मुलगा दुसरा धंदा धरतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. सतारीचे मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरला आणि तंबोऱ्याचे सोलट्यून या उत्पादक संस्थेला. दुसरीकडची वाद्ये मिरजेच्या नावाने विकण्याला त्यामुळे कायद्याचा अटकाव झाला, हा लाभ लहान नाही. तरी गिऱ्हाईकाने एक ध्यानात ठेवावे. मानांकन वाद्याचे गाव सांगते, वाद्याचा गळा सांगत नाही. तो ऐकूनच घ्यावा लागतो.

जुना तंबोरा विकायला निघतो, तो सहसा गाणारे माणूस गेल्यावर. घरचे लोक तो एक तर अमूल्य मानतात, नाहीतर अडगळ. दोन्ही अंदाज चुकतात. वापरात नसलेल्या वाद्याची घोडी झिजलेली, खुंट्या सैल, भोपळ्याला किडीची भोके असण्याचा संभव मोठा. भोके ताजी असतील, तर वाद्य हलवल्यावर बारीक भुसा गळतो; तो दिसला तर सौदा थांबवावा. भोपळ्याला तडा असेल तर मात्र लगेच पाठ फिरवू नये. तडे सांधता येतात, आणि चांगले सांधलेले वाद्य पुष्कळ वर्षे चालते. पिळवटलेली दांडी हा मोठा दोष. ती बदलायची तर जवळजवळ नवे वाद्यच करावे लागते. जुन्या उंची तंबोऱ्यांवर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनुसार या वस्तूंचा व्यापार करता येत नाही, हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधीच पाहावे. आता नक्षीला प्लास्टिकचे पत्रे आणि घोडीला उंटाचे हाड किंवा काळे लाकूड वापरतात. विकण्यापूर्वी वाद्य एकदा कारागिराकडून वाजते करून घेतलेले बरे. मुक्या तंबोऱ्याची किंमत घेणारा लाकूड-भोपळ्याचीच करणार. काही घरी वाद्य विकले जात नाही, शिष्याला दिले जाते. तसे देताना तारांबरोबर जवारी काढणाऱ्याचा पत्ताही दिला, तर ते देणे पुरे होते.

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत. तंबोरा आडवा ठेवायचा तर भोपळ्याखाली कापडाचे वेटोळे असावे. वाद्य बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा उतरवून ठेवाव्यात. उन्हात, ओल्या भिंतीला टेकून किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात ते ठेवू नये. गाडीतून नेताना भोपळ्यावर भार येता कामा नये; एसटीच्या टपावर तंबोरे जात त्या काळी फुटलेले किती परत येत, याची गणती कोणी ठेवली नाही. आता कडक पेट्या मिळतात. लांबच्या प्रवासाला त्याच घ्याव्यात.

कोयना खोऱ्यासारख्या पावसाळी मुलखात याखेरीज आणखी एक काळजी लागते. आषाढ-श्रावणात लाकूड फुगते, खुंट्या जाम होतात आणि तबली किंचित उचलली जाऊन तारा घोडीवर निराळ्या बसतात. अशा वेळी बसलेला आवाज पाहून घाईने घोडी घासून घेतली, तर दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर तीच जवारी बिघडल्यासारखी वाटते. घासलेले हाड परत येत नाही. पावसाळ्यात दोरा मागे-पुढे करून वेळ निभवावी, वाद्य गवसणीतून अधूनमधून बाहेर काढून वारे लागू द्यावे आणि मिरजेला न्यायचे ते कार्तिकात, हवा स्थिरावल्यावर. माघ-फाल्गुनात सप्ताह असेल तर कारागिराला तेवढी सवड पुरते.